आभाळातल्या उतारूंची मोजदाद

एस.टी.त कंडक्टरचे काम मोजण्याचे. किती उतारू चढले, किती उतरले, किती तिकिटे फाडली, ट्रेमध्ये किती शिल्लक, पिशवीत रोकड किती आणि या सगळ्याचा मेळ वेबिलात बसतो की नाही, हे रोज पाहावे लागते. उतारू हाका मारतात, सुट्ट्या पैशांवरून भांडतात, कुणाच्या कोंबड्या तर कुणाची काजूची पाटी सीटखाली असते. पण रात्री डेपोत रोकड भरताना आकडाच बोलतो. मी ३० वर्षांहून अधिक काळ हे काम केले. महाड ते पोलादपूर, पुढे आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर. कधी बिरवाडी, कधी वरंध घाटातून भोर. २०१२ साली निवृत्त झालो. माणसे मोजण्याचे काम संपले, पण सवय गेली नाही. आता दर वर्षी पावसाळा सरला की मी आभाळातून जाणारे उतारू मोजतो.

हे सांगितले की ओळखीची माणसे आधी हसतात आणि मग विचारतात, "काय मिळतं त्यातनं?" प्रश्न बरोबर आहे. कष्टकऱ्याच्या घरात कुठल्याही कामाबद्दल हा प्रश्न पहिला यावा. त्याचे उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

हे उतारू म्हणजे शिकारी पक्षी. घार, शिक्रा, ससाणा, खरुची, भोवत्या, गरुड, गिधाड हे सारे त्यांत आले. यांतले काही आपल्याकडे बाराही महिने असतात. काही मात्र पाऊस संपला की उत्तरेकडून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात. कझाकस्तान, मंगोलिया, सैबेरिया या भागांत हिवाळ्यात बर्फ पडते, पाणी गोठते, उंदीर, सरडे, किडे दिसेनासे होतात. खायला मिळेनासे झाले की पक्षी दक्षिणेची वाट धरतात. पोटासाठी गाव सोडणे आपल्या लोकांना नवे नाही. पोलादपूरच्या डोंगरातल्या कुठल्याही वाडीत जा, घरटी एक माणूस मुंबईला गेलेला असतो. पूर्वी तो गिरणीत नाहीतर गोदीत असे, आता आणखी कुठे असतो. भीमजयंतीला आणि मे महिन्यात तो गावी येतो. पक्ष्यांचेही जाणे-येणे असेच ठरलेले आहे, आणि तेही भुकेनेच ठरवलेले आहे.

माझी नात महाडला कॉलेजात शास्त्र शाखेला आहे. तिने एका मैत्रिणीकडून जुनी दुर्बीण आणली आणि पक्ष्यांचे एक पुस्तक आणले. एका रविवारी म्हणाली, "आबा, मला नावं येतात, तुम्हाला मोजता येतं. चला माझ्याबरोबर." तेव्हापासून आमची जोडी जमली. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, विहारातले ग्रंथवाचन पूर्ण होते, भातकापणीला सुरुवात झालेली असते. त्या सुमारास आमचे रविवार सुरू होतात ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालतात.

आम्ही बसतो गांधारपाल्याला. मुंबईकडून महाडला येताना गाव लागायच्या आधी महामार्गालगतच्या डोंगरात ही बौद्ध लेणी आहेत. ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी मुलाबाळांना घेऊन अवश्य पाहावीत. वर चढून गेले की गांधारी आणि सावित्रीचे खोरे समोर उघडे पडते. खाली भाताची खाचरे, नदीची वळणे, पलीकडे सह्याद्रीची भिंत. मोजणीला अशीच जागा लागते. आभाळ मोकळे हवे आणि मागे-पुढे डोंगर हवा. डोंगर का हवा, ते पक्ष्यांच्या प्रवासाची रीत समजली की कळते.

गरुडासारख्या रुंद पंखांच्या जड पक्ष्याला हजारो किलोमीटर पंख मारत जाणे परवडत नाही. तेवढे खाणे वाटेत मिळणार नाही. म्हणून तो फुकटच्या वाहनाने जातो. सकाळी ऊन चढले की जमीन तापते, तिच्यावरची हवा गरम होऊन वर चढू लागते. पक्षी त्या वर चढणाऱ्या हवेत शिरतो, पंख पसरतो आणि घिरट्या घालत उंच जातो. पुरेसा वर गेला की पंख थोडे आवळून दक्षिणेकडे घसरत निघतो. खाली येता येता पुढचा गरम हवेचा झोत सापडतो, पुन्हा वर. घाटात गाडी वर चढवायची आणि मग उताराला न्यूट्रलवर सोडायची, असा हा प्रकार. गाडीला ते नियमात बसत नाही, पक्ष्याला चालते. डोंगराच्या उतारावर वारा आदळला की तोही वर वळतो, त्याचाही आधार मिळतो. म्हणून हे पक्षी भल्या पहाटे निघत नाहीत. साधारण नऊ-साडेनऊला आभाळात हालचाल सुरू होते आणि चार वाजता ऊन उतरले की थांबते. समुद्रावर अशी वर चढणारी हवा फारशी नसते, म्हणून मोठे गरुड समुद्र ओलांडणे टाळतात. ससाण्याचे पंख निमुळते, तो पंख मारत जाऊ शकतो. त्याला समुद्राची तेवढी अडचण नाही.

मोजायचे कसे? इथे माझी नोकरी कामाला आली. स्टँडवर गर्दी फिरत असते तेव्हा उतारू कधी मोजायचे नसतात. तोच माणूस तीनदा दिसतो, एखादा नुसता सोडायला आलेला असतो. मोजायचे ते दारातून आत शिरताना. पक्ष्यांचेही तसेच आहे. घिरट्या घालणारा थवा मोजू नये, आकडा हमखास चुकतो. घिरट्या संपवून ते एकामागून एक सरळ रेषेत बाहेर पडतात, त्या वेळी मोजावे. आम्ही समोरच्या डोंगराचा एक सुळका आणि खालचा एक पूल यांच्यामध्ये मनात रेघ धरली आहे. जो पक्षी ती रेघ उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडील तोच वहीत येतो. इथल्या घारी दिवसभर इकडून तिकडे फिरतात. त्या आमच्या पासवाल्या उतारू. त्यांची नोंद वेगळ्या रकान्यात, एकूण बेरजेत नाही.

वहीत तारीख, वेळ, वारा कुठून आहे, ढग किती, पक्षी कोणता, किती आणि कुठल्या दिशेला गेला, एवढे लिहितो. पक्षी ओळखला नाही तर "अनोळखी" असे लिहितो, अंदाजाने नाव देत नाही. आणि काहीच गेले नाही तर शून्य लिहितो. रिकाम्या फेरीचेही वेबिल भरावेच लागते. रिकामी फेरी लिहिली नाही, तर गाडी सुटली होती की नाही हे पुढे कुणालाच कळणार नाही.

उंच आभाळात रंग दिसत नाही, म्हणून ओळख आकारावरून करावी लागते. घारीची शेपटी मधे खाच असलेली. भोवत्या शेतावरून अगदी खालून जातो, लांब पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले. कापणी झालेल्या खाचरांवर आणि खाडीकाठच्या पाणथळीवर तो हमखास सापडतो. खरुची एका जागी हवेत पंख फडफडवत थांबते, जणू कुणी दोरीने टांगली आहे, आणि मग गवतात झेपावते. ऑस्प्रे नावाची मासेखाऊ घार नदीवर येते, पाय पुढे करून पाण्यात सूर मारते. पायांवर पिसांचे मोजे घातल्यासारखा दिसणारा एक छोटा गरुडही येतो. आपल्याकडे हे पक्षी हजारोंनी एकदम येत नाहीत, विखरून येतात. कित्येक रविवारी चार-पाच तासांत वहीच्या अर्ध्या पानावरही नोंद होत नाही. मध्येच नात भाकरीचा डबा उघडते, सुक्या बोंबलाची चटणी आणि कांदा काढते, आणि नेमका त्याच वेळी एखादा डोक्यावरून निघून जातो.

या सगळ्यांत मला नवल वाटते ते अमूर ससाण्याचे. वजन सुमारे १५० ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम कांद्यांएवढे. रशिया आणि चीन यांच्या सीमेवरून अमूर नदी वाहते, त्या बाजूला हा वाढतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँड-मणिपुरात लाखोंनी उतरतो, किडे खाऊन अंगात चरबी साठवतो आणि तिथून भारत ओलांडून, अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातो. महाराष्ट्रावरूनच त्याची वाट आहे. लोणावळ्याच्या बाजूला नोव्हेंबर-डिसेंबरात तो पक्षीनिरीक्षकांना दिसलेला आहे. २०१३ साली नागालँडमध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला खूण पाठवणारी छोटी यंत्रे बसवली. त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी तिथल्या लोकांची आणि गावांची नावे दिली. त्यामुळे हा इवलासा पक्षी न थांबता दिवस-रात्र उडत समुद्र पार करतो, हे जगाला घरबसल्या पाहता आले.

त्याआधी एक वर्ष, २०१२ साली, तिथेच या पक्ष्यांची मोठी कत्तल झाली होती. दोयांग नदीवर धरण झाले, लोकांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, माणसे मासेमारीकडे वळली. तीच जाळी झाडांमध्ये टांगून ते ससाणे पकडत आणि विकत. त्या एका हंगामात सव्वा लाखाच्या वर ससाणे मारले गेले असावेत, असा अंदाज बाहेर आला. रोज किती जाळी, जाळ्यात किती पक्षी, असा हिशेब काही जणांनी तिथे जाऊन केला, म्हणून तो आकडा जगापुढे आला आणि सरकारला हलावे लागले. पुढच्याच वर्षी पांगती आणि आसपासच्या गावांनी ठरवून शिकार बंद केली. गरीब गावांनी हातातले उत्पन्न सोडले, ही गोष्ट लहान नाही. आज त्याच गावांत बाहेरची माणसे ससाणे पाहायला जातात.

मोजणीचा उपयोग काय, हे सांगणारी सर्वांत जुनी गोष्ट अमेरिकेतली आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात एक डोंगर आहे, हॉक माउंटन. शरद ऋतूत त्याच्या धारेवरून शिकारी पक्षी जात आणि माणसे तिथे बंदुका घेऊन मौजेखातर त्यांना पाडत. रोझाली एज नावाच्या बाईंनी १९३४ साली तो डोंगरच भाड्याने घेतला आणि राखणीला मॉरिस ब्राउन यांना ठेवले. ब्राउन यांनी राखण करता करता रोज जाणारे पक्षी मोजून लिहायला सुरुवात केली. त्या वेळी त्यांनाही कुणीतरी विचारले असेल, "काय मिळतं त्यातनं?"

उत्तर मिळायला बरीच वर्षे लागली. अमेरिकेत डीडीटीची फवारणी जोरात सुरू झाली. आपल्याकडेही हिवतापासाठी घरोघर डीडीटी मारायला माणसे येत, हे जुन्या लोकांना आठवत असेल. तिकडे ते शेतांवर, जंगलांवर, दलदलींवर विमानाने मारले गेले. रेचल कार्सन या शास्त्रज्ञ लेखिकेला संशय आला की याने पक्ष्यांची वीण खुंटते आहे. पण पुरावा? तो ब्राउन यांच्या वहीत होता. १९३५ ते १९३९ या वर्षांत डोंगरावरून गेलेल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांमध्ये १०० पैकी ४० लहान वयाचे होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते २० वर आले. १९५७ साली तर ३२ मोठ्या गरुडांमागे एकच पिल्लू गेले. म्हणजे म्हातारे गरुड आभाळात दिसत होते, पण घरात पाळणा हलत नव्हता. नुसत्या डोळ्यांना हे कळले नसते. कार्सन यांनी हे आकडे १९६२ साली आपल्या पुस्तकात छापले. १९७२ साली अमेरिकेने शेतीसाठी डीडीटी बंद केले आणि पुढे गरुड पुन्हा वाढले. आज जगात ठिकठिकाणी अशी मोजणी होते. जॉर्जिया देशातल्या बातुमी इथे २००८ पासून दर शरद ऋतूत माणसे बसतात आणि तिथून १० लाखांच्या वर शिकारी पक्षी जातात.

आता आपल्याकडची गोष्ट. ती आपल्या समाजाला लागून आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका रविवारी लेण्यांवरून उतरून आम्ही चहाच्या टपरीवर थांबलो. तिथे एक ओळखीचे गृहस्थ बसले होते. गळ्यातली दुर्बीण पाहून म्हणाले, "काय मास्तर, गिधाडं दिसली का?" मी म्हणालो, "नाही." तेव्हा हसत म्हणाले, "कशी दिसणार? तुमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हाच गिधाडं उपाशी मेली." टपरीवरची दोन माणसे हसली. नातीचा चेहरा उतरला.

मी रागावलो नाही. वहीचे मागचे पान उघडले आणि त्यांच्यासमोर तारखा लिहिल्या.

पहिली, १९२७. १९ आणि २० मार्चला याच महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे सांगितले. माझे आजोबा पोलादपूरच्या बाजूच्या आमच्या वाडीतून चालत त्या परिषदेला आले होते. परत गेल्यावर त्यांनी ते सोडले, पुढे जनावर ओढणेही नाकारले, आणि त्यापायी गावाचा राग सोसला. असे गावोगाव झाले.

दुसरी, १९५६. धम्मदीक्षेनंतर जिथे हे काम उरले होते तिथेही ते सुटत गेले.

तिसरी, १९८५. त्या सुमारास पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातला सर्वांत जास्त संख्येचा मोठा शिकारी पक्षी असावा, असे तज्ज्ञ लिहीत होते. आमच्या वाडीने ढोर ओढणे सोडून अर्धे शतक झाले होते आणि गिधाडे भरपूर होती. त्या वर्षांतले माझेही पाहिलेले आहे. आंबेनळी घाटात एका वळणाखाली म्हैस मरून पडली होती. गिधाडांची इतकी दाटी की म्हैस दिसत नव्हती. ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि सारे उतारू एका बाजूच्या खिडक्यांना आले. दुसऱ्या दिवशीच्या फेरीला तिथे नुसता सांगाडा होता.

चौथी, १९९०चे दशक. त्या दहा वर्षांत गिधाडे संपली.

"आता तुम्हीच मेळ घाला," मी म्हणालो. "ढोरं ओढायचं सोडल्यानं गिधाडं मरायची असती तर १९३० नंतर मरायला हवी होती. साठ वर्षं ती कशाची वाट बघत होती? आणि जनावर ओढून नेलं नाही, माळावरच पडून राहिलं, तर गिधाडांना जास्त मिळेल की कमी?" गृहस्थ काही बोलले नाहीत. चहा संपवून गेले. नातीने ते पान फाडून आपल्या पुस्तकात ठेवले आहे.

मग गिधाडे मेली कशाने? याचे उत्तरही मोजणाऱ्यांनीच शोधले. राजस्थानात भरतपूरच्या अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश गिधाडांची घरटी मोजत होते. १९८७-८८ साली पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या तिथे वीण करत होत्या. १९९८-९९ साली २० उरल्या. खायला मेलेली जनावरे होती, राहायला झाडे होती, तरी गिधाडे माना टाकून बसत आणि मरत. कुणी साथीचा रोग म्हणत होते, कुणी आणखी काही. २००४ साली पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण सिद्ध केले. गाई-म्हशींना सूज-वेदनेसाठी डायक्लोफिनॅक नावाचे स्वस्त औषध टोचले जाई. ते टोचल्यावर जनावर लवकरच मेले आणि गिधाडांनी खाल्ले, तर गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होऊन ते काही दिवसांत मरते. गिधाड वर्षाला एकच अंडे घालते आणि वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. एका मेलेल्या बैलावर शंभर गिधाडे बसत असतील, तर नुकसान किती आणि ते भरून यायला किती वर्षे, हा हिशेब कुणीही करावा. २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीची हजारात एकसुद्धा धड उरली नव्हती.

याची किंमत माणसांनीही दिली. गिधाडे गेली, कुजकी जनावरे माळावर आणि ओढ्याकाठी राहिली, भटकी कुत्री वाढली, पाणी नासले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा हिशेब मांडला की गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे ५ लाख माणसे जास्तीची मेली. ओढ्याचे पाणी कोण पितो आणि कुत्रे चावल्यावर दवाखाना कुणाला लांब पडतो, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

मला एक गोष्ट मात्र टोचते. भरतपूरला मोजणारे होते म्हणून तिथले आकडे आहेत. आपल्या महाड-पोलादपूरच्या खेड्यांत किती गिधाडे होती, कोणत्या वर्षी कमी झाली, कुठल्या झाडावर बसत, हे ज्यांना बारकाईने माहीत होते ती आपल्याच आजे-पणज्यांची पिढी. जनावर कुठे पडले, पहिले गिधाड किती वेळाने उतरते, कुठल्या महिन्यात जास्त येतात, हे ज्ञान त्यांना सक्तीच्या कामातून आले होते. ते काम सुटले हे फार चांगले झाले. पण त्यांना जे कळत होते ते कुणी येऊन विचारले नाही आणि कुणी लिहूनही ठेवले नाही. पुढच्या पिढीने आपल्या मर्जीने, हातात पेन धरून मोजावे, असे मला वाटते ते यासाठी.

समाधानाची गोष्ट अशी की महाडचीच सिस्केप ही संस्था, प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने, म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या जंगलात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांसाठी अनेक वर्षे काम करते आहे. गावकऱ्यांना बरोबर घेऊन गिधाडांना खाद्य म्हणून मेलेली जनावरे पुरवली जातात, घरट्यांवर लक्ष ठेवले जाते. माझे म्हणणे एवढेच की मेलेले जनावर हलवण्याचे काम कुणाच्या जन्मावर लादलेले नसावे. ज्याला करायचे त्याने करावे, त्याला गाडी, हातमोजे आणि चोख मजुरी मिळावी. असे झाले तर ते काम इतर कुठल्याही कामासारखेच काम आहे.

ज्यांच्या दारात गाय, म्हैस किंवा बैल आहे त्यांनी ही नावे लक्षात ठेवावीत. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक २००६ पासून बंद आहे. माणसांसाठीच्या मोठ्या बाटलीतून ते जनावराला टोचत, म्हणून २०१५ पासून माणसाच्या इंजेक्शनची बाटलीही ३ मिलीचीच ठेवली आहे. केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक ही औषधेही जनावरांसाठी २०२३ साली बंद केली. त्यांच्या जागी मेलॉक्सिकॅम आहे, त्याने गिधाडाला अपाय होत नाही. डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये. "साहेब, हे गिधाडाला चालणारं आहे ना?" एवढे एक वाक्य पुरे.

गिधाडे इथलीच राहणारी. भोवत्या, खरुची, ससाणे लांबून येणारे. पण धडा दोघांना सारखाच लागू आहे. आज भोवत्या भरपूर वाटतात. १९८५ साली गिधाडेही भरपूर वाटत होती. दहा वर्षांनी भोवत्या कमी झाल्या तर ते दाखवायला आजची वही लागेल. आमची वही छोटी आहे, पक्षी थोडे आहेत, पण शून्यासकट सगळे त्यात आहे. "काय मिळतं त्यातनं?" याचे उत्तर माझ्यापुरते हे आहे. पुढे कुणी टपरीवर बसून काहीही सांगू लागला, तर त्याच्यासमोर उघडायला एक पान मिळते.

या वर्षी वस्तीतली चार मुले आमच्याबरोबर येणार म्हणतात. दुर्बीण एकच आहे, ती आळीपाळीने घेऊ. मोजायला तशी डोळ्यांचीच गरज जास्त. मुंबईत, पुण्यात, नाशकात राहणाऱ्यांना आपल्या चाळीच्या गच्चीवरून हे करता येईल. नोव्हेंबरातला एक रविवार, सकाळी दहा ते एक, तेवढे पुरे. पाण्याची बाटली घ्यावी, डोक्याला टोपी घालावी, सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नये. मुलांना मी आधीच सांगून ठेवले आहे, वही मात्र ज्याची त्याने आणायची.